वन्यजीव अधिवासाचं मूल्यमापन आणि व्यवस्थापन: या चुका टाळा

दाट झाडी, लुसलुशीत गवत आणि भरलेलं तळं दिसलं की नोंदवहीत "अधिवास उत्तम" असा शेरा पडतो. मग त्याच जागेवर आणखी झाडं लावली जातात, आणखी एक तळं खोदलं जातं. काही वर्षांनी कळतं की ज्या प्राण्यासाठी हे सगळं केलं, तोच तिथून कमी झाला आहे. नवशिक्यांच्या बहुतेक चुका एकाच मुळातून फुटतात: जागा माणसाच्या आवडीने पाहिली जाते, प्राण्याच्या गरजेने नाही.

प्रजाती न ठरवता शेरा मारणं

"ही जागा वन्यजीवांसाठी चांगली आहे का?" या प्रश्नाला उत्तरच नाही. कोणासाठी आणि कशासाठी, हे आधी लिहा. चंडोल जमिनीवर घरटं करतो. त्याला आखूड गवत, मधेमधे उघडी माती आणि मोकळा माळ लागतो. सुतारपक्ष्याला जाड खोडाची, आतून कुजायला लागलेली झाडं हवीत. एकाची उत्तम जागा दुसऱ्याच्या काहीच उपयोगाची नाही.

प्रजाती ठरली की अन्न, पाणी, आडोसा आणि वावरायला जागा असे चार रकाने आखा. आडोशाचे पुन्हा तीन भाग करा, कारण घरट्याचा आडोसा, ऊन-थंडीपासूनचा आडोसा आणि शत्रूपासून लपायचा आडोसा या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पाचवा रकाना अंतराचा. तो हमखास विसरला जातो. सशाला कुरणात खायला भरपूर असेल, पण धावत गाठता येईल असं झुडूप जवळ नसेल तर कुरणाचा मधला भाग त्याच्यासाठी नसल्यातच जमा. यादीत सगळं "आहे", पण प्राण्याला ते वापरता येत नाही.

नैसर्गिक गवताळ माळावर झाडं लावणं हीसुद्धा हीच चूक. माळ म्हणजे उजाड झालेलं जंगल नव्हे. माळावर जमिनीवर घरटं करणाऱ्या पक्ष्यांसाठी प्रत्येक झाड म्हणजे कावळ्या-ससाण्यांना टेहळणीसाठी दिलेली बैठक.

सरासरीत कमतरता लपवणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. अधिवासाला 0 ते 1 असा गुणांक देण्याची पद्धत अमेरिकेच्या मत्स्य व वन्यजीव सेवेने 1980 च्या दशकात रुळवली. 0 म्हणजे निरुपयोगी, 1 म्हणजे आदर्श. गुणांकाला क्षेत्रफळाने गुणलं की अधिवासाची एककं मिळतात.

समजा, ढोलीत घरटं करणाऱ्या एखाद्या पक्ष्यासाठी 40 हेक्टरचा तुकडा पाहिला. अन्नाला 0.9, आडोशाला 0.8 आणि ढोल्यांना 0.1 गुण दिले. साधी सरासरी 0.6 येते, म्हणजे 24 एककं. कागदावर चित्र बरं दिसतं. तीन आकड्यांचा गुणाकार करून घनमूळ काढलं तर सुमारे 0.42 येतं, म्हणजे साधारण 17 एककं. सर्वांत कमी गुण धरला तर 0.1, म्हणजे फक्त 4 एककं. जागा तीच, पण निष्कर्षात सहापट फरक!

यातलं कोणतं गणित वापरायचं हे सोयीवर ठरवू नका. एका गोष्टीची उणीव दुसरी भरून काढत असेल तर सरासरी चालते, उदाहरणार्थ दोन प्रकारची फळं. भरून काढत नसेल तर सर्वांत कमी गुण धरा. कितीही फळं असली तरी त्यांची ढोली होत नाही. ज्यावाचून अडलं आहे ती गोष्ट म्हणजे मर्यादक घटक, आणि खर्च तिथेच व्हायला हवा. वरच्या उदाहरणात फळझाडं लावून अन्न 0.9 वरून 1 केलं तर पक्ष्याला काहीच मिळत नाही. ढोल्या 0.1 वरून 0.4 झाल्या तर एककं 4 वरून 16 होतात.

एक सावधगिरी हवी. गुणांक हा अंदाज आहे, प्राण्यांची मोजणी नाही. तो प्रत्यक्ष नोंदींशी पडताळल्याशिवाय मोठे निर्णय घेऊ नका.

नजरेने टक्के ठोकणं

"झुडपं 40 टक्के" असं उभ्या उभ्या लिहिलेला आकडा दुसऱ्या माणसाच्या हातात 25 किंवा 60 होतो. सकाळी ताजा असताना दिलेला आणि दुपारी दमल्यावर दिलेला आकडासुद्धा जुळत नाही. साधी साधनं पुरतात, फक्त ती दर वेळी तशीच वापरली पाहिजेत.

जमिनीलगतच्या आच्छादनासाठी 20 × 50 सेंटिमीटरची चौकट घ्या. नेमका टक्का न लिहिता वर्ग लिहा: 0–5, 5–25, 25–50, 50–75, 75–95 आणि 95–100. सरासरी काढताना प्रत्येक वर्गाचा मध्य धरायचा: 2.5, 15, 37.5, 62.5, 85 आणि 97.5. वनस्पती-अभ्यासक डॉबनमायर यांची ही पद्धत 1959 पासून वापरात आहे. तिचं बळ यात आहे की दोन माणसांचा वर्ग सहसा जुळतो.

झुडपांसाठी 50 मीटरची मोजपट्टी ताणा आणि दर 50 सेंटिमीटरला सरळ सळई टेकवा. 100 टेकवण्या होतात, म्हणून झुडपाला लागलेली प्रत्येक टेकवणी म्हणजे 1 टक्का.

गवत किती लपवतं हे पाहायला 10-10 सेंटिमीटरचे पट्टे रंगवलेली काठी लागते. काठीला 1 मीटर उंचीवर 4 मीटरची दोरी बांधा. दोरी ताणून, डोळा 1 मीटर उंचीवर आणून पाहा: खालून किती पट्टे पूर्ण झाकले आहेत? चारही दिशांनी वाचन घेऊन सरासरी काढा. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे उभ्यानेच वाचणं. वरून पाहिल्यावर गवत विरळ भासतं आणि काठी जास्त दिसते.

नमुन्याच्या जागा नकाशावर आधी ठरवा. पायवाटेने चालत "इथे बरं दिसतंय" म्हणून चौकट टाकली तर तुम्ही पायवाटेचा अधिवास मोजता. वाटेच्या कडेला ऊन जास्त आणि वर्दळही जास्त, म्हणून तिथली झाडी वेगळी असते.

दिसला नाही म्हणून नाही, दिसला म्हणून उत्तम

प्राणी तिथे असूनही एका फेरीत दिसण्याची शक्यता 0.4 आहे असं धरा. मग एकाच फेरीवर "नाही" लिहिलं तर ते चुकण्याची शक्यता 60 टक्के. तीन फेऱ्यांमध्ये तो एकदा तरी दिसण्याची शक्यता 78 टक्क्यांवर जाते, पाच फेऱ्यांमध्ये 92 वर. म्हणून फेऱ्यांची संख्या, वेळ आणि हवामान प्रत्येक नोंदीत लिहा. वारा किंवा पाऊस असताना केलेली पक्ष्यांची मोजणी शांत पहाटेच्या मोजणीशी ताडून पाहू नका.

विष्ठेवरून अंदाज बांधतानाही हाच सापळा असतो. पावसाळ्यात शेण, लेंड्या भराभर विरघळतात आणि शेणकिडे त्या नेतात. कोरड्या दिवसांत त्या दीर्घकाळ टिकतात. त्यामुळे उन्हाळ्यात प्राणी "वाढल्याचा" भास होतो. तुकडा आधी साफ करून ठरावीक दिवसांनी फक्त नव्या लेंड्या मोजल्या की हा भास जातो.

उलट बाजूची चूक अधिक फसवी आहे. प्राणी जास्त दिसतात म्हणजे जागा चांगली, असं सहज वाटतं. वन्यजीव-संशोधक बिअट्रिस व्हॅन हॉर्न यांनी 1983 मध्येच दाखवून दिलं की नुसत्या दाटीवरून अधिवासाची प्रत ठरत नाही, कारण बलवान प्राण्यांनी हाकललेले दुबळे किंवा तरुण प्राणी दुय्यम जागेत गर्दी करू शकतात. त्याआधी 1978 मध्ये गेट्स आणि गायसेल या संशोधकांना रान आणि शेत यांच्या सीमेवर घरटी दाट आढळली होती, पण तिथून पिल्लं उडून जाण्याचं प्रमाण कमी होतं. "कडा वाढवा, वन्यजीव वाढतील" हा सल्ला म्हणूनच सरसकट लागू करू नका. जमेल तिथे पिल्लं, त्यांचं जगणं आणि पुढच्या वर्षीचं परतणं नोंदवा.

सुगीच्या दिवसांत पाहणी

पावसानंतर कोणतीही जागा श्रीमंत दिसते. प्राणी जगणार की नाही हे ठरतं टंचाईच्या महिन्यांत, म्हणून किमान एक पाहणी तेव्हा हवीच. तेव्हा झाडांचा खालचा पाला एकाच उंचीवर कापल्यासारखा दिसला, तर चरणाऱ्यांची संख्या चाऱ्याच्या मानाने जास्त झाली आहे. बाहेरून चारा आणून टाकणं हा यावरचा उपाय नव्हे. एका जागी गर्दी होते, रोग पसरतात आणि आसपासची झाडी आणखी ओरबाडली जाते.

कामं करताना होणारी नासधूस

पाण्याची घाई सर्वांत जास्त दिसते. दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानाच्या कोरड्या उत्तर भागात कृत्रिम पाणवठे केले गेले. पाण्यामुळे झेब्रे तिथे मुक्कामाला आले, उंच गवत चरून संपत गेलं आणि झेब्र्यांमागून सिंह आले. त्या उंच गवतावर अवलंबून असलेले रोन नावाचे दुर्मीळ कुरंग 1986 मध्ये सुमारे 450 होते. 1993 पर्यंत ते 45 च्या आसपास उरले. नंतर पाणवठे बंद केल्यावर झेब्रे हटले, पण रोन लगेच सावरले नाहीत. पाणी द्यायच्या आधी विचारा: आणखी कोण येईल, आणि त्यांच्या मागून कोण?

पाणी खरोखर हवंच असेल तर निदान एका काठाचा उतार 1 उभ्याला 3 आडवे इतका किंवा त्याहून हलका ठेवा. काँक्रीटच्या टाकीत खडबडीत उतरण नसेल तर लहान प्राणी पडून बुडतात. बेडकांसाठी केलेल्या तळ्यात मासे सोडू नका, ते अंडी आणि बेडकमासे खातात.

घाणेरीसारखं आक्रमक झुडूप कोयत्याने वरून छाटलं की बुडख्यातून आणखी दाट फुटतं. फळं धरण्याआधी, फुटवे जिथून येतात त्या भागाच्या खाली कुदळीने मुख्य मूळ तोडा, ठोंब उपटा आणि मुळं वर करून उलटा वाळू द्या. पुढची दोन-तीन वर्षं, विशेषतः पक्षी बसतात त्या झाडांखाली, पावसानंतर रोपं हाताने उपटावी लागतात. मोकळ्या जागेत स्थानिक गवत रुजवलं नाही तर दुसरं तण येऊन बसतं. आणि सगळी घाणेरी एका हंगामात काढू नका. तिच्याखाली आज कोण लपतं हे आधी पाहा आणि पट्ट्यापट्ट्याने काढा, नाहीतर त्यांचा आडोसा एका आठवड्यात शून्य होतो.

गवत कापणं किंवा जाळणं हेही पूर्ण तुकड्यावर एकदम नको. दरवर्षी एक तृतीयांश, घरट्यांचा हंगाम सोडून. कापणी मध्यातून सुरू करून बाहेर सरका. कडेने आत कापत गेलात तर पिल्लं मधल्या शेवटच्या पट्ट्यात अडकतात आणि यंत्राखाली सापडतात.

वठलेली झाडं आणि पडलेले ओंडके "साफसफाई" म्हणून हलवू नका. सुतारपक्ष्याने कोरलेली ढोली पुढे घुबडं, पोपट, मैना वापरतात. रस्त्यावर किंवा घरावर पडण्याचा धोका असलेलं झाड तेवढं उतरवा आणि त्याचं खोड तिथेच आडवं राहू द्या.

आधीची नोंद नसणं

काम सुरू करण्याआधी खुंटी ठोकून छायाचित्राच्या जागा पक्क्या करा. कॅमेरा दर वेळी त्याच उंचीवर, उदाहरणार्थ 1.5 मीटरवर, त्याच दिशेला आणि वर्षाच्या त्याच आठवड्यात असावा. चौकटीत रंगवलेली काठी उभी असली की वाढ मोजता येते. शेजारचा तसाच एक तुकडा हात न लावता सोडा आणि दोन्हीकडे सारख्याच फेऱ्या करा. पाऊस चांगला झाला म्हणून पक्षी वाढले की तुमच्या कामामुळे, हे त्या न छेडलेल्या तुकड्याशी ताडूनच कळतं.