सहाय्यित निवासाची पारख करताना या चुका टाळा

माझा धाकटा भाऊ एकोणचाळीस वर्षांचा आहे. त्याला बौद्धिक अक्षमता आहे, तो मोजके शब्द बोलतो, आणि आई गेल्यानंतरची सहा वर्षे तो मदतनिसांच्या आधाराने आमच्यापासून वेगळा राहतो. या सहा वर्षांत आम्ही त्याच्यासाठी एक जागा निवडली, ती निवड चुकली, मग दुसरी निवडली. आणि मधल्या काळात कोल्हापूर शहरातल्या व आसपासच्या अनेक पालकांसोबत अशा जागा पाहायला जाणे झाले. पाहणी करताना आम्ही सगळे जवळपास त्याच त्या चुका करतो, हे तेव्हा ध्यानात आले. आई-वडील थकले, विशेष शाळेचे वय कधीच संपले, आणि आता कुठेतरी सोय लावलीच पाहिजे, अशा घाईत हा निर्णय बहुतेक घरांत होतो, म्हणून त्या चुका इथे सविस्तर मांडते.

सहाय्यित निवास म्हणजे वसतिगृह नव्हे. तीन-चार प्रौढ व्यक्ती साध्या वस्तीतल्या घरात राहतात आणि ज्याला जेवढी गरज आहे तेवढीच मदत त्याला मिळते, ही त्यामागची मूळ कल्पना आहे. अस्थिव्यंग व्यक्तींनी स्वतःच्या बळावर जगण्याचा विचार कोल्हापूरला नवा नाही. ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ या संस्थेच्या नसीमा हुरजूक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ पासून उभे केलेले काम या शहरासमोर आहे. बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांच्या बाबतीत मात्र आपण अजूनही ‘ठेवायला जागा’ शोधतो, आणि पारखण्याची पहिली चूक त्या शब्दातच होते.

फरशी पाहणे आणि दिवस न पाहणे

पहिली भेट आपण फोन करून, सकाळी अकराच्या सुमारास ठरवतो. तेव्हा अंघोळी उरकलेल्या असतात, व्यवस्थापक हजर असतात, चहा येतो, आणि आपण फरशी, रंग, सौर बंब व सीसीटीव्ही पाहून समाधानाने बाहेर पडतो. खरी परीक्षा संध्याकाळी सातनंतर आणि रविवारी होते, कारण माणसे तेव्हाच कमी असतात. रात्री दोन वाजता एखाद्याला फिट आली तर कोण उठते, ती व्यक्ती त्याच मजल्यावर झोपते का, आणि फिट पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली तर थांबून न राहता दवाखाना गाठायचा हे तिला ठाऊक आहे का, हे प्रश्न व्यवस्थापकांना न विचारता रात्रपाळीच्या माणसालाच विचारावेत. न्हाणीघरात जाऊन टूथब्रश एकाच पेल्यात बिननावाचे ठेवले आहेत का, दाराला आतून कडी आहे का, आणि धुऊन आलेले कपडे ज्याला जे येईल ते चढवले जातात का, हेही पाहावे.

त्याहून महत्त्वाची गोष्ट आमच्या नजरेतून वर्षभर सुटली. घरी असताना भावाला शर्टाची बटणे लावायला दहा मिनिटे लागत. आई शेजारी भाजी निवडत बसे आणि फक्त गळ्याजवळचे शेवटचे बटण लावून देई. नव्या जागी मदतनीस सगळी बटणे अर्ध्या मिनिटात लावून टाकत, आणि आम्हाला ती माया वाटली. पुढच्या दिवाळीला तो घरी आला, मी शर्ट त्याच्या हातात दिला, तर त्याने तो मलाच परत दिला आणि दोन्ही हात अंगापासून थोडे दूर धरून, मान वर करून तो उभा राहिला. तीस वर्षांत शिकलेले काम एका वर्षात गेले होते. म्हणून आता कुठल्याही जागी गेले की मी एकाच रहिवाशाबद्दल विचारते: हे वर्षापूर्वी स्वतः काय करत होते, आणि आज काय करतात? ज्या घरात या प्रश्नाचे उत्तर नेमके मिळते, त्या घरात कुणीतरी त्या माणसाकडे रोज पाहत असते.

शांततेला समाधान समजणे

या चुकीची किंमत सर्वांत मोठी असते. पहिल्या जागेत भाऊ संध्याकाळी ओरडू लागला होता. काही आठवड्यांनी तो शांत झाला आणि आम्ही सुटकेचा श्वास टाकला. नंतरच्या भेटींत तो बसल्या जागी पेंगू लागला, वजन भराभर वाढले, आणि चहाचा कप धरताना हात थरथरू लागला. विचारल्यावर कळले की ओरडणे थांबवण्यासाठी फोनवरूनच सल्ला घेऊन मनोविकारावरच्या गोळीची मात्रा वाढवण्यात आली होती. आम्ही त्याला दंतवैद्याकडे नेले, तेव्हा खालची दाढ मुळापर्यंत किडलेली निघाली. ज्याला दुखणे शब्दांत सांगता येत नाही, तो ते वागण्यातून सांगतो. दाढ, कान, बद्धकोष्ठता आणि मूत्रमार्गाचा संसर्ग या चार गोष्टी तपासल्याशिवाय वागणूक बिघडल्याचा निष्कर्ष कुणी काढू नये.

म्हणून औषधांची वही मागून पाहावी. प्रत्येक गोळीपुढे ती कशासाठी, कुणी आणि कधी सुरू केली, आणि तिचा फेरविचार कोणत्या तारखेला होणार, हे लिहिलेले असावे. फेरविचाराची तारीख नसेल तर तिथेच थांबून खुलासा मागावा. अशी औषधे आपल्या मनाने एकदम बंद मात्र करू नयेत. मात्रा डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच उतरवावी लागते.

त्याला न विचारणे, किंवा चुकीचे विचारणे

आपण व्यवस्थापकांशी तासभर बोलतो आणि जो तिथे राहणार आहे त्याला निघताना एकच प्रश्न टाकतो: ‘आवडलं ना इथं?’ उत्तर ‘हो’ येते आणि आपण ते प्रमाण मानतो. बौद्धिक अक्षमता असलेल्या अनेक व्यक्ती समोरच्याला खूश ठेवण्यासाठी होकार देतात, आणि दोन पर्याय दिले तर बऱ्याचदा शेवटी ऐकलेला पर्याय उचलतात. भावाला मी ‘इथं राहायचं?’ असे विचारले, तो ‘हो’ म्हणाला; थोड्या वेळाने ‘घरी जायचं?’ विचारले, तेव्हाही तो ‘हो’च म्हणाला. मग मी छायाचित्रे वापरू लागले. त्याची खोली, जेवणाचे टेबल, रंकाळा, तिथल्या मावशी आणि रात्रपाळीचे काका, असे फोटो समोर पसरायचे, क्रम बदलत राहायचे, आणि तो कोणता उचलतो, कोणता उलटा करून ठेवतो ते वेगवेगळ्या दिवशी नोंदवायचे. एका व्यक्तीचा फोटो त्याने चार वेळा पालथा घातला. त्या व्यक्तीबद्दल आम्ही चौकशी केली ती त्यामुळेच.

निवडीचे स्वातंत्र्य लहान गोष्टींत दिसते. रविवारी तांबडा-पांढरा रस्सा हवा की नको, उठायचे केव्हा, पंखा कितीवर ठेवायचा, कुणाच्या हातून अंघोळ करून घ्यायची, हे ठरवते कोण? महिला रहिवाशांच्या बाबतीत शेवटच्या प्रश्नाला तडजोड नाही. आणि कर्मचारी चाळिशीतल्या रहिवाशांना सरसकट ‘आमची मुलं’ म्हणत असतील तर त्यांच्याशी त्यावर बोलावे. शब्द प्रेमाचाच असतो, पण मुलाला कुणी मत विचारत नाही, त्याच्या खोलीचे दार कुणी वाजवत नाही.

उपकाराच्या ओझ्याखाली गप्प राहणे

‘त्यांनी ठेवून घेतलं, हेच पुष्कळ’ हे वाक्य मी इतक्या पालकांच्या तोंडून ऐकले आहे, आणि स्वतःही म्हटले आहे. इंग्लंडमध्ये सहाय्यित निवासाच्या व्यवस्थेत घराचा भाडेकरार साधारणपणे रहिवाशाच्या नावावर असतो आणि मदत पुरवणारी संस्था वेगळी असते. त्यामुळे मदत वाईट निघाली तर संस्था बदलता येते, घर सुटत नाही. आपल्याकडे दोन्ही गोष्टी बहुधा एकाच हाती असतात, म्हणून तक्रार केली तर छप्परच जाईल ही भीती पालकांना गप्प करते. प्रवेशापूर्वीच तक्रारीची लेखी पद्धत मागावी, मागच्या वर्षीच्या दोन तक्रारींचे काय झाले ते विचारावे. ‘आमच्याकडे तक्रारच येत नाही’ हे उत्तर मला सर्वांत अस्वस्थ करते.

मारहाण, कोंडून ठेवणे किंवा शोषण यांचा संशय आला तर संस्थेच्या उत्तराची वाट पाहायची नसते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ७ नुसार कुणालाही कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे माहिती देता येते, पोलिसांकडे जाता येते, आणि राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे दाद मागता येते. याच कायद्याच्या कलम ५ प्रमाणे कोणत्याही दिव्यांग व्यक्तीवर ठरावीक ठिकाणीच राहण्याची सक्ती करता येत नाही.

कागद आणि पैसा

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम ५० नुसार संस्थेची नोंदणी आवश्यक आहे, म्हणून प्रमाणपत्र आणि त्याची मुदत पाहावी. पण तेवढ्यावर थांबू नये. ब्रिस्टलजवळच्या विंटरबर्न व्ह्यू या खासगी रुग्णालयात बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांचा होणारा छळ २०११ मध्ये बीबीसीच्या छुप्या चित्रीकरणातून उघड झाला, तेव्हा ते रुग्णालय रीतसर नोंदणीकृत होते आणि तिथल्या एका परिचारकाने नियामक संस्थेला आधी कळवलेही होते.

पैशाबाबत एवढेच पाहावे की रहिवाशाचे बँक खाते त्याच्या नावावर आहे, खर्चाच्या पावत्या मिळतात आणि हातखर्च खरोखर त्याच्या हातात पडतो. राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खाली जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीने कुणाला कायदेशीर पालकत्व दिले असेल, तर मालमत्तेची यादी सहा महिन्यांत आणि हिशेब दरवर्षी सादर करण्याची जबाबदारी त्या पालकाची असते. भावंडांपैकी ज्याच्याकडे हे काम आहे त्याने ते टाळू नये.

पुराचा विचार न करणे

हा प्रश्न बाहेरगावच्या कुठल्याही तपासणी-यादीत सापडत नाही, पण कोल्हापुरात तो विचारलाच पाहिजे. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पाणी त्याच्या बरेच वर गेले, महामार्ग बंद पडला, शहराच्या सखल भागांतली घरे रिकामी करावी लागली. जिथे चाकाची खुर्ची वापरणारे आणि अपस्माराच्या गोळ्या घेणारे लोक राहतात, तिथे कितव्या फुटाला निघायचे, कोणत्या वाहनाने, कुणाच्या घरी, आणि गोळ्यांचा किमान पंधरा दिवसांचा साठा कुठे, हे जूनच्या आधी कागदावर हवे. या गोळ्या अचानक चुकल्या तर फिट येण्याचा धोका असतो.

कागदावर लिहून भागत नाही, सरावही करून पाहावा लागतो. भावाच्या आताच्या घरी गेल्या मे महिन्यात तो केला, तेव्हा बाकीचे तिघे रिक्षात जाऊन बसले आणि भाऊ मात्र जिन्याच्या पायरीवर बसून राहिला. मावशींनी समजावले, मी हात धरला, तरी तो हलेना. शेवटी मावशी वर गेल्या आणि त्याच्या उशाजवळचा छोटा रेडिओ घेऊन आल्या. तो छातीशी धरून तो आपला आपण उतरला. निघताना घ्यायच्या पिशवीच्या यादीत आता गोळ्या, डॉक्टरांची चिठ्ठी आणि यूडीआयडी कार्डाची (दिव्यांगत्वाच्या ओळखपत्राची) प्रत यांच्याखाली चौथ्या क्रमांकावर तो रेडिओ लिहिलेला आहे, जादा सेलसह.