पहिल्या माशाआधीचे पाच आठवडे

काचेची टाकी, रंगीत खडे, एअर पंप आणि पिशवीतले सहा मासे एकाच फेरीत घरी आणण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास दिसते, आणि त्यांतले बरेचसे मासे पंधरवड्याच्या आत दगावल्याचा अनुभवही तितकाच सर्रास ऐकू येतो. माझ्या पहिल्या टाकीतही तेच घडले. पाणी आरशासारखे स्वच्छ दिसत असल्यामुळे दोष पाण्यातच असेल अशी शंकासुद्धा मला आली नव्हती. माशांच्या कल्ल्यांतून, विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया उतरत असतो व तो डोळ्यांना दिसत नाही. मुरलेल्या टाकीत जिवाणूंचा एक गट या अमोनियाचे नायट्राइट करतो आणि दुसरा गट नायट्राइटचे नायट्रेट करतो. यांपैकी पहिले दोन पदार्थ अल्प प्रमाणातही घातक असतात, तर नायट्रेट मासे पुष्कळ सोसतात. नव्या टाकीत हे जिवाणू जवळजवळ नसतात, म्हणून मासे आणण्यापूर्वी त्यांची वाढ करून घ्यावी लागते. या कामाला साधारण चार ते सहा आठवडे लागतात.

टाकी निवडताना लहान म्हणजे सोपी असे समजू नये. पाणी जितके थोडे, तितका त्यातला बिघाड वेगाने वाढतो. काचेचा गोल वाडगा तर माशांसाठी विचारातच घेऊ नये. ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि ३० उंच अशी टाकी घरच्या सुरुवातीला योग्य ठरते. तिचे माप ५४ लिटर भरते, पण वाळू आणि वरची मोकळी जागा वजा जाता प्रत्यक्षात ४५ ते ५० लिटर पाणी मावते. काच, वाळू व पाणी मिळून वजन ६५ ते ७० किलोंच्या घरात जाते, त्यामुळे टाकी डगमगत्या टेबलावर न ठेवता मजबूत व सपाट बैठकीवर ठेवावी आणि खाली थर्माकोलचा पातळ तुकडा अंथरावा. खिडकीतून थेट ऊन येत असेल तर आठ-दहा दिवसांत काचेवर शेवाळ धरते.

वाळू बादलीत घेऊन पाणी गढूळ होणे थांबेपर्यंत धुवावी. साबण मात्र अजिबात लावू नये. बाहेरून आणलेल्या दगडावर व्हिनेगरचे चार थेंब टाकून पाहावे. बुडबुडे आले तर त्या दगडात चुना आहे आणि तो पाण्याचा जडपणा वाढवत राहील. सह्याद्रीतला काळा कातळ सहसा या परीक्षेत उतरतो, पण त्याच्या पोकळ्यांत भरलेले पांढरे स्फटिक कधीकधी फसफसतात, म्हणून तो भाग वेगळा तपासावा. शंखशिंपल्यांची सजावट गोड्या पाण्यात टाळलेली बरी. पहिली वनस्पती म्हणून हायड्रिला किंवा व्हॅलिस्नेरिया लावावी. दिवा रोज सहा ते आठ तासांपेक्षा अधिक चालू ठेवू नये. मनी प्लांटची मुळे टाकीच्या कडेवरून पाण्यात सोडली, तर तीही नायट्रेट शोषून घेतात.

फिल्टर ही जिवाणूंची मुख्य वस्ती असते. एवढ्या टाकीला एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर पुरतो व तो स्वस्तही असतो. तो अहोरात्र चालू ठेवावा, कारण या जिवाणूंना वाहता प्राणवायू लागतो. ज्यांच्याकडे वीज वारंवार जाते, त्यांनी बॅटरीवर चालणारा पंप हाताशी ठेवावा. स्पंज नळाखाली धुतल्यास क्लोरीनमुळे महिनाभराची कमाई वाहून जाते. तो टाकीतूनच काढलेल्या पाण्यात हलके पिळावा. एखाद्या परिचिताची निरोगी, जुनी टाकी असेल तर तिच्यातल्या स्पंजाचा तुकडा ओला ठेवून आणावा व आपल्या फिल्टरला बांधावा. त्याने निम्मा वेळ वाचू शकतो.

पाणी नगरपालिकेचे असेल तर त्यातला साधा क्लोरीन बादली २४ तास उघडी ठेवल्यास बहुतांशी उडून जातो, क्लोरामाइन (क्लोरीन व अमोनिया यांचे संयुग) मात्र जात नाही. त्यासाठी सोडियम थायोसल्फेट असलेले क्लोरीननाशक बाटलीवरच्या मापाने टाकावे. कूपनलिकेच्या पाण्यात क्लोरीन नसतो, पण ते बहुधा जड असते.

आता जिवाणूंना खाद्य द्यायचे. माशांच्या खाद्याची चिमूट रोज टाकून ते कुजू देणे हा सोपा मार्ग आहे, पण त्यात प्रमाण हाती राहत नाही. माझी पसंती अमोनियम क्लोराइडला, म्हणजे कल्हईवाले वापरतात त्या नवसागराला आहे. मात्र बाजारातला नवसागर अशुद्ध असू शकतो, म्हणून प्रयोगशाळेच्या दर्जाचा घ्यावा. त्याचे १० ग्रॅम एक लिटर पाण्यात विरघळवून ठेवावेत. या द्रावणाचे ३० मिलिलिटर ५० लिटर पाण्यात मिसळले की अमोनिया लिटरमागे सुमारे २ मिलिग्रॅम होतो. अमोनिया, नायट्राइट व नायट्रेट मोजण्यासाठी थेंबांचा तपासणी संच घ्यावा; त्यात थेंब टाकल्यावर पाण्याला येणारा रंग तक्त्याशी ताडून पाहतात. पाण्याचे तापमान २८ अंशांच्या आसपास असेल तर वाढ वेगाने होते. थंडीच्या दिवसांत ५० वॉटचा हीटर लावावा.

पहिल्या आठवड्यात काहीच घडत नाही असे वाटते, किंवा पाणी दुधाळ होते. त्यामुळे घाबरून पाणी बदलू नये, ते आपोआप निवळते. मग अमोनिया उतरू लागतो व नायट्राइट चढतो. अमोनिया शून्याजवळ आला की द्रावणाची अर्धी मात्रा पुन्हा द्यावी. नायट्राइटचा टप्पा सर्वांत रेंगाळतो, आणि कंटाळून लोक इथेच मासे सोडून मोकळे होतात. नायट्राइट माशाच्या रक्तात शिरून त्याची प्राणवायू वाहण्याची क्षमताच हिरावतो, त्यामुळे पाण्यात भरपूर प्राणवायू असूनही मासा पृष्ठभागावर धापा टाकतो. मऊ पाण्यात या प्रक्रियेमुळे सामू, म्हणजे पाण्याची आम्लता दाखवणारा pH, घसरतो, तो ६.५ च्या खाली गेल्यास जिवाणू मंदावतात, तेव्हा चिमूटभर खाण्याचा सोडा घालावा. उलट सामू ७ वरून ८ वर गेला तर अमोनियाचा विषारी अंश जवळजवळ दसपट होतो, हेही ध्यानात ठेवावे. या काळात दुकानातून मिळणारे निळे औषध टाकण्याचा मोह आवरावा, कारण मेथिलीन ब्लू या जिवाणूंनाही मारू शकते.

पूर्ण मात्रा दिल्यावर २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले, व असे लागोपाठ दोन दिवस झाले, की टाकी तयार झाली असे समजावे. साठलेला नायट्रेट घालवण्यासाठी निम्म्याहून अधिक पाणी बदलावे आणि दुसऱ्या दिवशी मासे आणावेत.

मासे पाण्याच्या स्वभावाप्रमाणे निवडावेत. जड पाण्यात गप्पी आणि मॉली खुशीत राहतात. धरणाच्या मऊ पाण्यात झेब्रा डॅनिओ हा आपल्याच उपखंडातला, काटक मासा चांगला, मात्र तो पाच-सहाच्या थव्यातच ठेवावा. गोल्डफिश या टाकीसाठी नव्हे. तो पुष्कळ वाढतो आणि पुष्कळ घाण करतो. पिशवी बंदच ठेवून १५ ते २० मिनिटे पाण्यावर तरंगू द्यावी, मग ती उघडून दर पाच मिनिटांनी अर्धी वाटी टाकीतले पाणी तिच्यात घालावे आणि मासे जाळीने उचलून सोडावेत. पिशवीतले पाणी टाकीत ओतू नये. त्या दिवशी दिवा बंद ठेवावा व खाद्य देऊ नये. पहिले दोन आठवडे दिवसाआड अमोनिया व नायट्राइट तपासावेत, दर आठवड्याला चौथाई पाणी बदलावे, आणि दोन्ही आकडे शून्यावर टिकले तरच पुढचे मासे आणायला जावे.