जखडलेला खांदा कसा सुटला: माझा अनुभव

सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात मी शिलाईवर असते. उजवा हात पाठीमागे जाईना, रात्री त्या कुशीवर झोपता येईना. डॉक्टरांनी एक्स-रे बघून फिजिओथेरपीला पाठवलं. मला शुगर आहे. शुगरवाल्यांचा खांदा असा जास्त जखडतो, बहुतेक चाळिशी ते साठीत.

पहिल्या दिवशी लगेच मशीन लावलं नाही, आधी तपासणी. कुठल्या हालचालीत दुखतं, ० ते १० मध्ये किती, सगळं विचारलं. मग दोन पट्ट्यांचा कोनमापक खांद्याला लावला. हात साधारण १८० अंशांपर्यंत वर जायला हवा, माझा ९० च्या आसपास अडकला. कोपर अंगाला टेकवून हात बाहेर फिरवायचा होता, तो तर हललाच नाही. "मावशी, खरी अडचण इथंच आहे," मॅडम म्हणाल्या.

शेक झाला की त्या स्वतः हात धरून हळूहळू ताणायच्या. ताण जाणवतोच. पण नंतर रात्रभर ठणकलं तर सांगायचं, त्या जोर कमी करतात. हे सांगायला लाजू नका.

खरं काम घरी होतं. वाकून हात लोंबता सोडून गोल फिरवायचा, भिंतीवर बोटं चढवायची. बोटं पोचतील तिथं मी खडूनं रेघ मारायचे. रेघ सरकायला आठवडे लागतात, खांदा सुटायला महिने.

जाताना सैल बाह्यांचे कपडे घाला, शुगरचे रिपोर्ट न्या. हात बधिर होत असेल किंवा पडल्यावर दुखायला लागलं असेल, तर व्यायामाआधी डॉक्टरांना दाखवा.