साल्सा ऐकायचा कसा आणि पॉप गाण्यात तो ओळखायचा कसा

साल्सा म्हटलं की आपल्याकडे आधी डान्स क्लास आठवतो, गाणी कुठली ऐकता विचारलं की बरेच जण गप्प. मग कुठल्या पॉप गाण्यात ट्रंपेट वाजला, काँगा (हाताने वाजवायचा उंच ढोल) वाजली की "वा, साल्सा!" म्हणून मोकळे. वाद्यं काय कुणीही उसनी घेतं हो, खरी ओळख तालात असते आणि ती पकडायला गाणं शिकलेलं असायची गरज नाही.

पहिलं काम क्लावे. दोन लाकडी दांडक्या एकमेकींवर वाजवून निघणारा पाच ठोक्यांचा पॅटर्न, सगळा बँड त्याला धरून चालतो, बरेचदा तो कुणी वाजवतही नसतं तरी प्रत्येकाच्या डोक्यात चालूच असतो. तीनतालासारखं 1 ते 16 मोजा (पण भरभर) आणि 1, 4, 7, 11, 13 वर टाळी द्या. आधी तीन मग दोन, म्हणून हा 3-2 क्लावे. तेच 9 पासून सुरू केलं की 2-3. गाण्यावर टाळी बसत नसेल तर बाजू बदलून बघा, बहुतेक वेळा तेवढंच चुकलेलं असतं. आणि 7 ची टाळी सुरुवातीला घसरून 8 वर जाते, तिथे नेट लावा.

दुसरं, बास. यासाठी हेडफोन लावा, फोनच्या स्पीकरवर काही कळणार नाही. साल्सातला बास बहुतेक वेळा पहिल्या ठोक्यावर येतच नाही, थोडा आधीच वाजतो आणि तो सूर पुढच्या बारमध्ये (म्हणजे मोजणीच्या पुढच्या तुकड्यात) खेचत नेतो. समेची वाट बघत बसणाऱ्या कानाला हे सुरुवातीला जाम विचित्र वाटतं, पण नाचावंसं वाटतं ते त्यामुळेच.

आता ऐकायचं काय? मूळ क्यूबाचे सोन आणि मांबो हे नाचाचे संगीतप्रकार, पण साल्सा या नावाने बाजारात आला तो न्यूयॉर्कमधून. डॉमिनिकन बासरीवादक जॉनी पाचेको आणि वकील जेरी मासुच्ची यांनी 1964 मध्ये तिथे फानिया रेकॉर्ड्स ही रेकॉर्ड कंपनी काढली, सुरुवातीला पाचेको गाडीच्या डिकीतून रेकॉर्डी विकायचा. फानियाच्या गाण्यांपैकी आधी घ्या 'पेद्रो नवाहा', विली कोलोन आणि रुबेन ब्लेड्सच्या 1978 च्या 'सिएम्ब्रा' अल्बममधलं. सात मिनिटांच्या वर आहे, स्किप करू नका. सुरुवातीला नुसती काँगा आणि आवाज, मग एकेक वाद्य आत शिरतं, त्यामुळे कोण काय वाजवतंय हे आपोआप वेगळं कळतं. गुंडाची गोष्ट सांगून झाली की कोरस एकच ओळ धरून बसतो आणि गायक मधल्या जागांत सुचेल ते गातो, हा भाग म्हणजे मोन्तुनो. नंतर सेलिया क्रूझ आणि पाचेकोचं 1974 चं 'किंबारा', ते इतकं पळतं की टाळ्या देण्याच्या भानगडीत पहिल्याच वेळी पडू नका, नुसतं ऐका.

एवढं झालं की क्रॉसओव्हरकडे, म्हणजे एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात गेलेल्या गाण्यांकडे या, आणि इथे नियम एकच, मूळ आणि नवं लागोपाठ लावायचं. टीटो पुएन्तेचं साठच्या दशकातलं 'ओये कोमो वा' आणि मग सांतानाचं 1970 चं. मूळ चा-चा-चा (क्यूबाचाच एक नाचाचा प्रकार) आहे, बासरी आणि ब्रास म्हणजे ट्रंपेटसारखी पितळी वाद्यं आहेत. सांतानाने त्या जागी गिटार आणि हॅमंड ऑर्गन आणला पण खालचा ताल तसाच ठेवला, म्हणून ते रॉक असूनही हलतं.

कार्डी बी, बॅड बनी आणि जे बाल्विन या रॅपर-गायकांचं 'आय लाइक इट' 2018 मध्ये बिलबोर्ड हॉट 100 या अमेरिकन गाण्यांच्या यादीत पहिलं आलं. त्यात पीट रॉड्रिगेसच्या 1967 च्या बूगालू गाण्याचं सॅम्पल, म्हणजे जुन्या रेकॉर्डिंगमधून उचललेला तुकडा आहे. बूगालू म्हणजे न्यूयॉर्कच्या लॅटिनो पोरांनी सोल म्युझिक आणि क्यूबन ताल एकत्र करून केलेला प्रकार, इंग्रजी शब्द, टाळ्या, फुल पार्टी. म्हणजे मूळ गाणंच क्रॉसओव्हर होतं, कार्डीने त्याचा दुसरा फेरा मारला. खाली ट्रॅप (हिप-हॉपचा एक प्रकार) बीट्स आहेत, क्लावे शोधायला जाल तर सॅम्पलपुरताच सापडेल. माझ्या मते गाणं भारी आहे, फक्त त्याला साल्सा म्हणू नका.

उलटा प्रवास, म्हणजे पॉपचा साल्सा झालेला बघायचा तर साल्सा गायक मार्क अँथनीचं 2013 चं 'विविर मी विदा'. हे मूळ अल्जीरियन गायक खालेदचं 'से ला वी', सरळ डान्स पॉप. मार्कने चाल ठेवली आणि खालचं इंजिन बदललं. दोन्हीत फक्त बास ऐका, बाकी सगळं विसरा, खालेदच्यात ठोका पायाखाली पडतो आणि मार्कच्यात पुढे पळतो. फरक कळायला याहून सोपी जोडी मला तरी माहीत नाही.

शेवटी बॅड बनीचं 2025 चं 'बाईले इनोल्विदाब्ले'. सुरुवातीला सिंथ आहे, वाटतं हे काय भलतंच, धीर धरा, पुढे अख्खा साल्सा बँड येतो, पोर्तो रिकोच्या संगीतशाळेतल्या विद्यार्थ्यांनी वाजवलेला. तिथे 16 मोजायला घ्या आणि आधी 3-2 लावून बघा, नाही जमलं तर 2-3.