सुटकेस घेऊन गाडी बघायला जा: जुनी सात सीटर घेताना या चुका टाळा

"तुम्हाला गाडीतलं कळतं, जरा बघायला चला," असं म्हणून नातेवाईक मला घेऊन जातात. तिथे पोचल्यावर समजतं की टोकन, म्हणजे गाडी अडवायचे आगाऊ पैसे, कालच देऊन झालंय, मी फक्त मान डोलवायला आलोय. हे इतक्या वेळा झालंय की आता टोकनचं आधी विचारतो. दिलं असेल तर घरीच चहा पितो.

घरात सहा-सात माणसं, गावाकडून धान्याची पोती आणायची आणि पेट्रोलचं बिल बघून घाम फुटू नये, अशी गाडी सगळ्यांना हवी असते. परदेशात यासाठी लांब डिकीच्या इस्टेट गाड्या चालतात. आपल्याकडे टाटाची इंडिगो मरीना आली, मारुतीची बलेनो अल्टुरा आली. आमच्या गल्लीत मरीनाला ॲम्ब्युलन्स म्हणायचे. दोन्ही गेल्या. आता ते काम मारुतीची सात सीटर अर्टिगा करते. मागची रांग पाडली की मस्त डिकी होते. म्हणून इथे बोलतोय ते मुख्यतः तिच्याबद्दल.

ॲव्हरेज विचारलं, डिकी उघडलीच नाही

ही माझी सगळ्यात नावडती चूक. भाच्याने कंपनी फिटेड सीएनजी अर्टिगा घेतली. "मामा, किलोला पंचवीस देते!" कंपनीच्या कागदावर आकडा 26.08 किलोमीटर होता, म्हणजे पोराचं अगदीच चूक नव्हतं. पण सीएनजीची 60 लिटरची टाकी बसते कुठे, तर डिकीत. पेट्रोल अर्टिगातसुद्धा तिन्ही रांगा उघड्या असताना डिकी मोठी नाही. 2012 ला आलेल्या पहिल्या मॉडेलला 135 लिटर, नोव्हेंबर 2018 च्या नव्या मॉडेलला 209. त्यात टाकी आली की उरते ती चपलांची जागा.

हे भाच्याला गणपतीत कळलं. साताऱ्याहून गुहागरला निघालो सात जण. बॅगा, गौरीच्या साड्या, फराळाचे डबे सगळं वर कॅरिअरवर, ताडपत्री बांधून. हायवेवर गॅसच्या रांगेत पाऊण तास गेला. भरताना सगळ्यांनी खाली उतरायचं, म्हणून मागच्या रांगेतून आमच्या अक्काला ओढून बाहेर काढली आणि पुन्हा आत बसवली. गुडघे दुखतात तिचे, ती काही बोलली नाही, फक्त भाच्याकडे बघितलं. उंब्रजला आत वळलो, पाटण गेलं, आणि कोयनानगरच्या पुढे पाऊस असा कोसळला की ताडपत्रीचं एक टोक सुटून टपावर ढोल वाजायला लागला. कुंभार्ली घाटात थांबायला जागा नाही. चिपळूणला उतरून बघितलं तर लाल साडीचा रंग पांढऱ्या साडीवर. अक्का तेव्हा बोलली. काय बोलली ते इथे लिहीत नाही. येताना नारळाची दोन पोती गुहागरलाच राहिली.

तेव्हापासून माझी सवय: गाडी बघायला जाताना घरातली सगळ्यात मोठी सुटकेस सोबत नेतो आणि गुडघे दुखणारं एक माणूस. मागच्या रांगेत त्या माणसाला बसवायचं, सुटकेस डिकीत टाकायची, दार बंद करून दाखवायचं. एजंट हसतात. हसू द्या. मग त्याच माणसाला मागे बसवून अर्धा तास फिरवायचं. काही खालच्या मॉडेलांत मागचा एसीच नसतो, हे मे महिन्यात कळून उपयोग नाही.

सीएनजी वाईट नाही. तुमचा हिशोब चुकलेला असतो. समजा महिन्याला 700 किलोमीटर चालवता. पेट्रोल 105 रुपये आणि 15 चं ॲव्हरेज धरलं तर साधारण 4,900 रुपये. गॅस 90 रुपये, किलोला 22 धरले तर 2,900. वाचले दोन हजार. जुन्या बाजारात सीएनजीसाठी लाखभर जास्त मोजले असतील तर ते वसूल व्हायला चार वर्षं. रोज पुणे-चाकण करणाऱ्याचे महिन्याला 2,000 किलोमीटर होतात, त्याचे दीड वर्षात फिटतात. त्याने खुशाल घ्यावी, फक्त टाकीची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची तपासणी, दर तीन वर्षांनी लागते, तिची तारीख बघावी. बाकीच्यांनी साधी पेट्रोल घ्या आणि डिकी मिळवा.

डिझेल, "कारण जोर असतो"

2020 च्या एप्रिलपासून मारुतीने डिझेल बंद केलं, म्हणजे बाजारातली प्रत्येक डिझेल अर्टिगा त्याआधीची. भरपूर चालवणाऱ्याला ती अजूनही सोनं. पण जी स्वस्तात मिळते ती दिल्ली पासिंगची असू शकते. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेलवर बंदी आली होती, म्हणून तिकडच्या गाड्या इकडे आल्या. तिकडची एनओसी (ना-हरकत दाखला), इथला रोड टॅक्स नव्याने, आरटीओच्या चकरा, हे सगळं धरून किंमत काढा. स्वस्त राहिली तर मला फोन करा.

पांढरी पाटी, पिवळा भूतकाळ

सात सीटर म्हटलं की टूरवाल्याकडे चाललेली असण्याची शक्यता मोठी. पिवळ्या पाटीची गाडी नंतर प्रायव्हेट करता येते, त्यात गैर काही नाही. गैर हे, की ते सांगत नाहीत. एका विक्रेत्याने मला "डॉक्टरांची गाडी, 48 हजार किलोमीटर" म्हणून अर्टिगा दाखवली. क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत, मधल्या रांगेची गादी बसून गेलेली, पुढच्या काचेच्या कोपऱ्यात खरवडलेल्या स्टिकरचा डिंक. डॉक्टर मधल्या रांगेत बसून पेशंट तपासत होते की काय? एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून आरसी बघा, जुनी विमा पॉलिसी मागा, आणि मालकाला सोबत घेऊन कंपनीच्या वर्कशॉपमधून सर्व्हिसची नोंद काढा. शेवटच्या नोंदीत मीटर 1,30,000 आणि आज 48,000 असेल तर पुढे काही बोलायची गरज नाही. दोन तासांचं काम आहे, पण लोकांना "आजच ठरवा, संध्याकाळी दुसरी पार्टी येणार आहे" याची भीती. ती दुसरी पार्टी मी पंधरा वर्षांत एकदाही पाहिलेली नाही.

बाकीच्या, थोडक्यात

पुरातली गाडी: 2019 ला सांगली-कोल्हापूर, 2021 ला चिपळूण पाण्याखाली गेलं, तिथल्या गाड्या कुठेतरी गेल्याच. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, मातीची रेघ टोकाला राहते. गाडीत अत्तराचा घमघमाट असेल तर कार्पेट उचला.

गरम इंजिन: सकाळी जातो, ठरल्या वेळेच्या अर्धा तास आधी, न सांगता. बॉनेटवर हात ठेवतो. कोमट लागलं तर आधीच स्टार्ट करून ठेवलीय, थंड इंजिनचा त्रास लपवायला तर नाही ना, ते विचारा.

टायर: कडेच्या चार आकड्यांत 2319 असेल तर 2019 चा तेविसावा आठवडा. इतके जुने टायर, नक्षी कितीही शाबूत असू दे, बदलायचेच. चार टायरचे पैसे किमतीतून वजा.

बोजा: आरसीवर बँकेचं नाव असेल तर फॉर्म 35 (कर्जाचा बोजा उतरवायचा) आणि बँकेची एनओसी हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. "आठवड्यात देतो" म्हणणाऱ्याचा आठवडा दिवाळीनंतर उजाडतो.

भाच्याने सीएनजी विकून 2019 ची पेट्रोल घेतली. बघायला गेलो तेव्हा सुटकेस त्याने स्वतः आणली होती आणि मागच्या रांगेत अक्का. ती पाच मिनिटं गप्प बसली, मग म्हणाली, "पाय पुरतात. पण साड्या माझ्या मांडीवरच राहतील."