वाइनला ‘बायकी’, ‘मर्दानी’ म्हणताय? या चुका टाळा

टेस्टिंग नोटमध्ये, म्हणजे वाइन चाखून केलेल्या नोंदीत, ‘बायकी वाइन’ असं लिहिलं की लिहिणाऱ्याला वाटतं, सगळं सांगून झालं. वाचणाऱ्याच्या हाती मात्र काहीच लागत नाही. टॅनिन (तोंड आवळणारा तुरटपणा) कमी आहे? बॉडी (तोंडात जाणवणारा वाइनचा जडपणा) हलकी आहे? की फुलांचा वास येतोय? या तिन्ही गोष्टी एकत्र येतातच असं नाही. नेब्बिओलो या इटालियन द्राक्षाच्या रेड वाइनचंच बघा. रंग फिका, वास गुलाबाचा, आणि टॅनिन इतकं की हिरड्या आवळून येतात. हिला कुठल्या खणात टाकणार?

फ्रान्समधल्या बर्गंडीच्या वाइनबाबतीत ही खोड फार जुनी. तिथल्या दोन गावांपैकी शांबोल-म्यूझिनी म्हणजे स्त्री, झेव्रे-शांबेर्तां म्हणजे पुरुष. द्राक्ष दोन्हीकडे पिनो न्वारच! शांबोलच्या जमिनीत चुनखडी जास्त, चिकणमाती कमी. तिथली वाइन सहसा सुगंधी आणि मऊ टॅनिनची असते. मग तेच लिहा ना: ‘टॅनिन मऊ, लाल फळांचा वास, चव बराच वेळ रेंगाळते.’

खरी गडबड होते गुण देताना. ‘मर्दानी’ म्हटलं की वाइन आपोआप गंभीर, तळघरात जपून ठेवण्याजोगी ठरते. ‘बायकी’ म्हणजे छान आहे, आत्ताच संपवा. पण त्याच शांबोलची म्यूझिनी ग्राँ क्रू (सर्वोच्च दर्जाच्या मळ्यातली वाइन) चांगल्या वर्षाची असेल तर काही दशकं सहज टिकते. डब्ल्यूएसईटी या वाइनचं शिक्षण देणाऱ्या संस्थेच्या पद्धतीत दर्जा ठरतो तो संतुलन, तीव्रता, गुंतागुंत आणि रेंगाळणारी चव यांवर. भारी बॉडीला वेगळे गुण नाहीत.

लेबल आधी वाचू नका, विशेषतः वाइनमेकर बाई आहे हे कळणार असेल तर. बोर्दोमधल्या एका प्रयोगात (2001 साली प्रसिद्ध) पांढऱ्या वाइनमध्ये वास नसलेला लाल रंग मिसळला, तर 54 जणांनी तिच्या वासाचं वर्णन रेड वाइनच्या शब्दांत केलं. नुसत्या रंगाने नाक फसतं, तर नावाने फसणार नाही कशावरून? आधी नोंद, मग बाटली.

आणि ‘बायकी’ खोडून तिथे ‘नाजूक’, ‘मर्दानी’च्या जागी ‘दमदार’ लिहिणं ही निव्वळ रंगसफेदी. ‘नाजूक’ लिहायला हरकत नाही, पण काय नाजूक ते पुढच्याच शब्दात यायला हवं: वास, टॅनिन की बॉडी. रोझेला, म्हणजे गुलाबी वाइनला, ‘लेडीज ड्रिंक’ म्हणणाऱ्यांनी एकदा फ्रान्समधल्या तावेलची रोझे चाखावी. अल्कोहोल आणि बॉडी दोन्हींत ती बऱ्याच हलक्या रेड वाइनना मागे टाकते.