लिनक्स लायब्ररीतून जुन्या कर्नलची तपासणी काढताय? या चुका टाळा

सीमधल्या नेटवर्क लायब्ररींमध्ये हा तुकडा अजून सापडतो: आधी ॲक्सेप्ट४ (नवं कनेक्शन स्वीकारून त्यावर फ्लॅगही लावणारा सिस्टिम कॉल), ते ‘ईनोसिस’ (एरर ३८, म्हणजे ‘हा कॉल कर्नलमध्ये नाही’) देऊन परतलं तर साधं ॲक्सेप्ट आणि त्यावर क्लोज-ऑन-एक्झेक (नवा प्रोग्राम सुरू होताना सॉकेट आपोआप बंद करणारा फ्लॅग) लावणारा वेगळा कॉल. ॲक्सेप्ट४ लिनक्स २.६.२८ पासून आहे, त्याच धर्तीचे पाइप२ आणि डप३ तर २.६.२७ पासून. आता निवृत्त झालेल्या आरएचईएल ६ (रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स) चा कर्नलसुद्धा २.६.३२ होता. तेव्हा हा तुकडा काढाच. शिवाय ही आडवाट धोक्याचीही आहे: दोन कॉलच्या मध्ये दुसऱ्या थ्रेडने फोर्क-एक्झेक केलं (नवा प्रोग्राम सुरू केला), तर उघडं सॉकेट नव्या प्रोग्रामच्या हाती जातं.

सगळ्यात फसवी चूक म्हणजे कॉन्फिगर स्क्रिप्टमधली (बिल्डआधी सिस्टिम तपासून मॅक्रो ठरवणारी) चाचणी काढायची आणि कोडमधला #इफडेफ (‘हा मॅक्रो ठरलेला असेल तर’ ही अट) तसाच ठेवायचा. मॅक्रो कुठेच ठरत नाही, कंपायलर मुकाट्याने जुनीच फांदी घेतो. बिल्ड हिरवा! न ठरलेल्या मॅक्रोबद्दल इशारा देणारा -डब्ल्यूअनडेफ हा कंपायलर-पर्याय इथे कामाचा नाही. तो #इफ तपासतो, #इफडेफ नाही. आधी कोड साफ करा, मग चाचणी काढा, आणि सामायिक हेडरमध्ये ‘प्राग्मा जीसीसी पॉइझन’ लावून त्या मॅक्रोचं नाव बाद करा. कुठे राहिलाच असेल तर बिल्ड तिथेच अडेल. लायब्ररी मॅकओएसवरही चालत असेल तर जुनी फांदी त्या प्लॅटफॉर्मपुरती ठेवा.

किमान आवृत्ती फक्त कर्नलची लिहून भागत नाही. रँडम बाइट देणारं गेटरँडम कर्नलमध्ये ३.१७ ला (२०१४) आलं, पण जीलिबसीतलं (लिनक्सवरची नेहमीची सी लायब्ररी) फंक्शन २.२५ ला (२०१७). आरएचईएल ७ मध्ये जीलिबसी २.१७ आहे, नव्या मशीनवर बांधलेली, ते फंक्शन वापरणारी बायनरी तिथे सुरूच होणार नाही. उलट बाजूने, ३२-बिट एक्स८६ वर ॲक्सेप्ट४ चा थेट सिस्टिम कॉल ४.३ पासूनच आहे. त्याआधी सॉकेटचं सगळं काम सॉकेटकॉल नावाच्या एकाच सिस्टिम कॉलमधून जायचं. जीलिबसी हे सांभाळून घेते, हाताने नंबर देऊन केलेला कॉल मात्र पडतो.

‘कर्नल जुना आहे का’ आणि ‘हे इथे चालतं का’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. कर्नलमध्येच फाइल कॉपी करणारं कॉपी_फाइल_रेंज ४.५ पासून असलं, तरी दोन फाइल वेगळ्या फाइल सिस्टिमवर असतील तर ते आजही ‘ईएक्सडेव्ह’ ही एरर देऊ शकतं. तिथला साधा रीड-राइट लूप काढू नका. कंटेनरचा सेककॉम्प फिल्टरही (कोणते सिस्टिम कॉल चालू द्यायचे ते ठरवणारा) अनोळखी कॉलला ‘ईपर्म’ (परवानगी नाही) देऊ शकतो.

आणि जुन्या डिस्ट्रोच्या कंटेनरमध्ये टेस्ट पास झाल्या म्हणून निर्धास्त होऊ नका. तिथे फक्त जीलिबसी जुनी असते, कर्नल होस्टचाच. जुना कर्नल तपासायचा तर क्यूईएमयूमध्ये (आभासी मशीन चालवणारा प्रोग्राम) तो बूट करा.